वादबोंकरचा खडक

आमच्या गावाला, लाँस-ओ-पेर्शला, साडेतीनशे वर्षं पूर्ण होत होती. चर्चच्या अंगणात एक शिळा उभी करायची आणि पहिल्या अकरा घराण्यांच्या मूळ पुरुषांची नावं तिच्यावर कोरायची असं ठरलं. नावं द्यायची मुदत सर्व संतांच्या सणापर्यंत, म्हणजे एक नोव्हेंबरपर्यंत होती. दहा घरांनी जूनमध्येच नावं देऊन टाकली. अकरावं घर आमचं, तेसोनोंचं.

आमच्या घरात शब्द चालतो तो थोरल्या बहिणीचा, आल्देआताईचा. ती त्र्याऐंशीची, मी चौऱ्याहत्तरचा.

"कातरीनचं नाव घाला," ताईनं समितीच्या बाईंना सांगितलं. "पाच पोरं तिनं वाढवली. पळपुट्याचं नाव दगडावर कशाला? राहायचंच असतं त्याला, तर जिवंतपणी राहिला नसता का?"

पळपुटा म्हणजे माथ्युरें तेसोनो, आमचा मूळ पुरुष. फ्रान्समधून सैनिक म्हणून समुद्रापलीकडच्या ह्या नव्या मुलखात आला, पलटण परत गेली तेव्हा मागे राहिला. नदीकाठी जमीन मिळाली, कातरीन ओब्युशोंशी लग्न केलं, ओहोटीच्या वाळूत काठ्या रोवून, फांद्या विणून वाम मासे धरायचा कूड घातला. आम्ही परवापरवापर्यंत घालत होतो तसाच. आणि १६८३ च्या शरद ऋतूत तो नाहीसा झाला. दोन वर्षांनी कातरीननं शेजारच्या ब्राशूशी लग्न केलं. घरात चालत आलेली गोष्ट अशी, की माथ्युरें कातड्यांच्या व्यापारासाठी वरच्या जंगलात गेला आणि तिकडेच रमला. त्या काळी असे पुष्कळ जात. घराण्यांच्या छापील ग्रंथातही त्याच्या नावापुढे एवढंच आहे: बेपत्ता.

ही जुनी गोष्ट कुणी मनावर घेतली नसती. पण आमचा बाप ऑरेल मी सहा वर्षांचा असताना लाकूडतोडीच्या छावणीवर गेला आणि वसंतात परत आला नाही. आई आधीच वारली होती. ताई पंधराची. पाद्रीबाबांनी तिच्यासाठी दोन लाकूड कंपन्यांना पत्रं लिहिली. दोन्हीकडून एकच उत्तर आलं: ऑरेल तेसोनो नावाचा माणूस आमच्याकडे नव्हता. तेव्हापासून ताई म्हणायला लागली, तेसोनोंच्या पुरुषांचं रक्त वाहतं असतं, ते एका जागी थांबत नाही.

तिनं मला वाढवलं. शाळेतून काढलं ते तिनं नाही, गरिबीनं. बापाचे रबरी बूट घरी राहिले होते. ते घालून मी सातव्या वर्षी वामेच्या कुडावर कामाला लागलो, मांड्यांपर्यंत यायचे. गावानं माझं नाव 'बोत' ठेवलं, म्हणजे बूट. आजही मी बोतच आहे. छावणीवर ताईनं मला कधी जाऊ दिलं नाही. मी लग्न केलं, पोरं झाली, बायको गेली, आणि ह्या सगळ्या वर्षांत मी रोज संध्याकाळी घरी आलो. तरी मी दारात दिसलो की ताईच्या चेहऱ्यावर एकच भाव यायचा: आज आलास.

मला ते एकदा पुसून टाकायचं होतं. म्हणून मी माथ्युरेंच्या मागे लागलो.

साठी उलटल्यावर मी वाचायला शिकलो होतो, पण अजून बोट ठेवूनच वाचतो. जिल्ह्याच्या दप्तरखान्यात जुन्या नोंदवह्यांच्या प्रती पडद्यावर बघता येतात. तिथली मिरेय नावाची पोरगी मला पान लावून द्यायची आणि मी दिवसभरात तीन-चार पानं संपवायचो. कातरीनच्या दुसऱ्या लग्नाची नोंद मला अशी सापडली. तिच्यात पाद्रीनं स्वच्छ लिहिलं होतं: माथ्युरें तेसोनोची विधवा.

मी ते ओव्हिलाला सांगितलं. ओव्हिला ब्राशू त्या दुसऱ्या नवऱ्याच्या वंशातला, माझा लहानपणापासूनचा शेजारी. दुकानाच्या बाकावर बसला होता.

"विधवा?" तो म्हणाला. "अरे बोत, पाच पोरं उपाशी बघितली की पाद्रीसुद्धा एक डोळा मिटतो."

"त्या काळचे पाद्री डोळे मिटणारे नव्हते. नवरा मेल्याचा पुरावा असल्याशिवाय दुसरं लग्न लावत नसत."

"मग कुठाय पुरावा?"

"शोधतोय."

"शोध, शोध. तुमचा म्हातारा तंबाखू आणायला गेलाय. साडेतीनशे वर्षं झाली, येईलच आता." बाकावरचे सगळे हसले. मीही हसलो, कारण ओव्हिलाला हसलं नाही तर तो तेच दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगतो.

पण विचार डोक्यातून जाईना. पुरावा होता, तर दफनाची नोंद कुठेतरी असणारच. आमच्या वहीत नव्हती. वरच्या आणि खालच्या दोन्ही गावांच्या वह्या मी बोट ठेवून वाचल्या. तेसोनो नव्हता.

सप्टेंबर संपला. मिरेयला मी एका जुन्या करारपत्राची प्रत टपालानं पाठवायला सांगितली होती. ती येईना म्हणून फोन केला.

"मोस्यू तेसोनो, ती परत आलीय," ती म्हणाली. "पाकिटावर शिक्का आहे, ह्या नावाची व्यक्ती गावात नाही."

"मी इथेच जन्मलोय!"

"पत्ता तुम्हीच लिहून दिला होता."

पत्ता मीच लिहिला होता आणि सतराऐवजी घर नंबर एकाहत्तर लिहिला होता. एकाहत्तर नंबरला कोणी राहत नाही, कोंबड्यांचं खुराडं आहे. टपालवाली नवीन होती. तिनं दुकानात चौकशी केली होती. मी तडक दुकानात गेलो.

"फिलियास तेसोनोला कोण ओळखत नाही म्हणालं?"

दुकानदारानं ओव्हिलाकडे बघितलं. ओव्हिला खरोखर गोंधळला होता.

"ती म्हणाली फिलियास," तो म्हणाला. "मी म्हटलं, कुणीतरी शहरातला तेसोनो असेल. तुझं नाव फिलियास आहे?"

"माझ्या लग्नात तू साक्षीदार होतास, गाढवा!"

"तेव्हाही मी 'बोतचं लग्न' म्हणूनच आलो होतो. मग तिनं बोत कुठे राहतो असं विचारायला नको का?"

दुकान हसून हसून लोळलं. मी घरी निघालो. वाटेत चर्चच्या पायऱ्यांशी मला थांबावं लागलं. सत्तर वर्षं ज्याच्या शेजारी राहिलो, त्याला माझं बाप्तिस्म्याचं नाव माहीत नव्हतं. उद्या मी दुसऱ्या गावी मेलो आणि ओव्हिलाला ओळख पटवायला बोलावलं, तर तो काय सांगेल? बोत. आणि तिथला पाद्री लिहील, बोत नावाचा एक इसम. मग माझ्या नातवंडांनी तेसोनो शोधत बसावं.

माथ्युरेंला काय म्हणत होते?

ताईच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून नदीतला एक खडक दिसतो. भरतीत बुडतो, ओहोटीत काळा होऊन वर येतो. आमचा कूड पिढ्यान्‌पिढ्या त्या खडकाला टेकून घातलेला. सगळे कोळी त्याला वादबोंकर म्हणतात. मला वाटायचं, एखाद्या पाखराचं नाव असेल, किंवा काहीच नसेल. खडकाला नाव असतं, बस. त्या संध्याकाळी मी पेन्सिल घेतली आणि ते नाव आयुष्यात पहिल्यांदा कागदावर लिहून बघितलं. अक्षरं जुळवताना ते आपोआप तुटलं: वा, द बों कर. आमच्या फ्रेंचमध्ये, जातो, खुशीनं. खुशीनं चालणारा.

दुसऱ्या दिवशी मिरेयला फोनवर विचारलं. ती लगेच म्हणाली, "ते सैनिकाचं टोपणनाव आहे. पलटणीत प्रत्येकाला असं एक नाव मिळायचं. कुणी बेफिकीर, कुणी डोंगरफोड्या."

"मग १६८३ चा वादबोंकर शोध, पोरी. आणि आमच्या काठाला शोधू नकोस. ओहोटीचं पाणी आमच्याकडून इल-ओ-लूत्रकडे जातं. त्या बेटाची वही काढ."

आठ दिवसांनी मी तिच्या शेजारी बसलो होतो. तिनं पान लावलं आणि मोठ्यानं वाचायला तोंड उघडलं. मी हात वर केला. हे मला स्वतः वाचायचं होतं. पाऊण तास लागला.

ऑक्टोबरच्या एकोणिसाव्या दिवशी ह्या दफनभूमीत वादबोंकर नावाच्या एका इसमाला पुरलं, दक्षिण काठचा रहिवासी, वय सुमारे चाळीस, बुडून मेलेला, वाम धरणाऱ्यांना वाळूवर सापडला, एका हाताला कुडाच्या विणीची दोरी गुंडाळलेली. हजर: त्याची बायको कातरीन ओब्युशों, जिनं ओळख पटवली, आणि सही करता येत नाही असं सांगितलं.

मी शेवटची ओळ पुन्हा वाचली. आमच्या सगळ्या जुन्या नोंदी अशाच संपतात, सही करता येत नाही असं सांगितलं. एकसष्टाव्या वर्षापर्यंत मीही तेच सांगत आलो आणि फुली मारत आलो. ती तिथे उभी होती. पाद्रीनं विचारलं असेल, मयताचं नाव? आणि तिनं घरात जी हाक मारायची तीच सांगितली असेल. त्यानं काय लिहिलं ते तिला वाचता येत नव्हतं. आमच्या पाद्रीला ती तोंडी येऊन सांगून गेली, त्यानं विधवा लिहिलं, आणि तिच्या नातवंडांच्या नातवंडांनी त्या माणसाला पळपुटा ठरवलं.

"मोस्यू तेसोनो, पाणी आणू का?" मिरेय म्हणाली.

"प्रत काढ," मी म्हटलं. "आणि ती टपालानं नको पाठवूस."

ताई शेंगा सोलत बसली होती. मी कागद टेबलावर ठेवला आणि तिला वाचून दाखवला. दोरीपाशी तिचे हात थांबले.

"म्हणजे तो गेला नाही," ती म्हणाली.

"कुडापर्यंत गेला. खिडकीतून दिसतं तिथवर."

तिनं खडकाकडे बघितलं. भरती चढत होती, काळं टोक तेवढं वर उरलं होतं.

"शिळेवर दोघांची नावं घाला," ती म्हणाली. "आधी कातरीनचं. आणि त्याचं ती म्हणायची तेच. नुसतं माथ्युरें लिहिलंत तर तिला कळायचं नाही कुणाबद्दल आहे."

मला वाटलं, काम झालं. आता ती हसेल, निदान शेंगांची टोपली तरी पुढे सरकवेल. तिनं तसं काही केलं नाही.

"तुला आनंद झालाय," ती म्हणाली.

"तुला नाही झाला?"

"मी सगळा जन्म म्हणत आले, रक्तातच आहे ते. रक्तात असलं की माणसाला फार बोल लावता येत नाही, बोत. बाबाला मी तेवढ्यावर माफ केलं होतं. आता तू तेही काढून घेतलंस. आता तो नुसता गेला."

ह्याचा मी विचारच केला नव्हता. पाच महिने मी तिच्या मनातला एक काटा काढत होतो, आणि त्या काट्यावरच तिनं घर उभं केलं होतं हे मला दिसलं नाही. मी समोर बसलो. थोड्या शेंगा सोलल्या.

टोपली तळाला लागली तेव्हा तिनं विचारलं, "पाद्रीबाबांनी कंपन्यांना लिहिलं, तेव्हा बाबाचं नाव काय घातलं होतं?"

"ऑरेल तेसोनो. मी मोठा झाल्यावर तूच सांगितलंस मला."

"मीच सांगितलं त्यांना. बाप्तिस्म्याचं नाव. पत्रात चांगलं दिसावं म्हणून." तिनं रिकामं साल हातात दाबून धरलं. "छावणीत त्याला कुणी ऑरेल म्हणत नव्हतं."

मी हातातली शेंग खाली ठेवली.

"आदल्या वसंतात एक माणूस त्याच्याबरोबर आला होता, घोडागाडीवर. त्यानं रस्त्यावरूनच हाक मारली. मला इतकी लाज वाटली! बापमाणसाला पाखराचं नाव. मी कुणाला सांगितलं नाही, पाद्रीबाबांनाही नाही. तो शीळ घालायचा ना काम करताना, म्हणून."

"काय म्हणाला तो?"

ती दाराकडे बघत होती, जणू घोडागाडी अजून तिथेच उभी असावी.

"पँसों," ती म्हणाली. "ए पँसों, उतर, तुझं घर आलं."

मी खिशातून पेन्सिल काढली आणि दफनाच्या नोंदीचा कागद उलटा केला.

"हळू सांग, ताई," मी म्हटलं. "एकेक अक्षर."