काढून टाकलेल्या बारा ओळी

"व्हर्जन बदलू नये. मी तपासलं आहे." सुरक्षेची तपासणी करणाऱ्या बाईंनी त्याच्या स्क्रीनवरची टीप मोठ्यानं वाचली आणि खुर्ची ओढून त्या शेजारीच बसल्या. टिपेखाली त्याचं नाव होतं आणि तारीख चार वर्षांपूर्वीची.

सकाळी आलेला इशारा सगळ्या ऑफिसनं वाचला होता. सर्व्हरवर कोण आलं, त्यानं काय मागितलं, याच्या नोंदी ठेवणारी एक लायब्ररी असते. लायब्ररी म्हणजे कुणीही फुकटात जोडून घ्यावा असा आयता कोड. तिच्या जुन्या व्हर्जनमध्ये भोक सापडलं होतं. बाहेरच्या माणसानं एक ठरावीक खूण पाठवली, की नोंद लिहिता लिहिता सर्व्हर आपले पासवर्डच त्याच्या हवाली करायचा. आणि इथल्या सर्व्हरवर हजारो लोकांचे रक्ततपासणीचे रिपोर्ट होते.

"नवीन व्हर्जनमध्ये गडबड होती," तो म्हणाला.

"मी आत्ताच चढवलं, सर. सगळ्या टेस्ट पास झाल्या." बाईंच्या आवाजात जराही कुचकेपणा नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं. "साहेबांना दुपारपर्यंत कारण हवंय. कुठली गडबड ते सांगा, मी लिहिते."

आठवून सांगतो, असं म्हणून त्यानं बाईंना वाटेला लावलं. आठवायला काय, विसरला होता कधी!

लायब्ररी त्याच्या धाकट्या भावाची होती. धाकट्याला कोडचा श्रीगणेशा या थोरल्यानंच शिकवलेला, घरच्या जेवणाच्या टेबलावर, एकाच कॉम्प्युटरसाठी भांडत. त्याच टेबलावर धाकट्यानं लायब्ररी लिहायला घेतली आणि थोरल्यानं तिच्यात बारा ओळी घातल्या. नोंदीत एखादी खूण दिसली की तिच्या जागी सर्व्हरवरची माहिती आपोआप भरायची. दादा, कमाल केलीस, असं धाकटा तेव्हा म्हणाला होता. पुढे लायब्ररी जगभर गेली आणि धाकटा विमानानं भाषणं द्यायला जाऊ लागला. आई फोनवर अर्धा तास त्याचं पुराण लावी आणि ठेवता ठेवता विचारी, तुझं कसं चाललंय. थोरला कुठे मुलाखतीला गेला, तर समोरचा माणूस आडनाव वाचून म्हणे, तुम्ही त्यांचे भाऊ का? गुरूची विद्या गुरूला फळली म्हणतात, ती अशी. थोरल्याच्या पोटात दुखायचं, अगदी खरंखुरं दुखायचं. पण त्यावर एक उतारा होता. जग ज्याला धाकट्याचं म्हणतं, त्यात बारा ओळी आपल्या आहेत.

चार वर्षांपूर्वी तो उताराही गेला. नव्या व्हर्जनमधून त्या ओळी गायब झाल्या आणि बदलांच्या यादीत तीन शब्द उरले: अनावश्यक भाग काढला. अनावश्यक! साधा एक फोन नाही, विचारणं नाही. तळपायाची आग मस्तकाला गेली. थोरल्यानं त्याच दिवशी ऑफिसच्या सर्व्हरवर जुनं व्हर्जन कायम करून टाकलं आणि वर ती शहाजोग टीप लिहिली. दर महिन्याला अपडेटची आठवण यायची आणि तो ती बंद करायचा. निदान एका सर्व्हरवर तरी आपल्या ओळी नांदू देत.

फोन वाजला. धाकटाच होता.

"दादा, तुमच्याकडे नवीन व्हर्जन आहे ना?"

"का रे?"

धाकटा घुटमळला. मग म्हणाला, "भोक तुझ्या त्या ओळींत होतं. मला तेव्हाच दिसलं, म्हणून काढल्या."

थोरल्यानं पेनचं टोपण काढलं होतं, ते परत लावलं.

"मग तेव्हाच बोलला का नाहीस?"

"सगळ्यांसमोर तुझं नाव आलं असतं, दादा. म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. लोक अपडेट करतील, मिटेल. चार-चार वर्षं जुनं कोण ठेवतंय?"

थोरल्यानं नुसतं 'हं' केलं. त्याचं हे 'हं' धाकटा लहानपणापासून ओळखत होता.

"दादा, तू ठेवलंस?"

"अर्ध्या तासापूर्वी बदललं."

का ठेवलं होतंस, हे धाकट्यानं विचारलं नाही. एवढंच म्हणाला, की जाहीर निवेदनात चूक माझीच असं लिहिलंय, तुझं नाव कुठेही नाही, तू निश्चिंत राहा.

थोरल्यानं निवेदन उघडलं. भोक माझ्या हलगर्जीपणामुळे पडलं, मी गप्प बसायला नको होतं, माफ करा. खाली लोकांची रीघ लागली होती. काय प्रामाणिकपणा, काय मनाचा मोठेपणा! थोरल्याला हायसं वाटायला हवं होतं. त्याऐवजी पोटातली ती जुनी कळ पुन्हा उठली. लायब्ररी त्याची, भाषणं त्याची, आईचा अर्धा तास त्याचा. एक चूक काय ती पुरती आपली होती, तीही हा घेऊन बसला आणि वर शाबासकी मिळवतोय.

बाई परत आल्या. पासवर्ड बदलून झाले होते, नोंदीही चाळून झाल्या होत्या. काल दोघांनी प्रयत्न केला होता, पण त्यांची खूण चुकली म्हणून वाचलो, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी वही उघडली.

"सर, कारण?"

"लिहा, नवीन व्हर्जनमध्ये काहीही गडबड नव्हती. माझ्या भावानं माझ्या ओळी काढल्या, ते मला सहन झालं नाही, म्हणून मी जुनं ठेवलं."

बाईंनी वर पाहिलं. "असंच लिहू?"

"असंच. आणि खाली माझं नाव घाला."

त्या गेल्यावर तो पुन्हा निवेदनाकडे वळला आणि खाली लिहिलं, त्या बारा ओळी यांच्या नाहीत, मी लिहिल्या होत्या. स्वतःचं पूर्ण नाव घातलं. त्यात प्रामाणिकपणा किती आणि हेवा किती, हे त्यालाही सांगता आलं नसतं. बटण दाबून तो ताठ बसला आणि वाट पाहू लागला.

पाचच मिनिटांत पहिलं उत्तर आलं. कुणी अनोळखी माणूस होता. थोरला पुढे वाकला.

"तुम्ही त्यांचे भाऊ का?"

त्यानं 'हो' लिहिलं. मग ते खोडलं आणि लिहिलं, थोरला.