टाचेने वाजणारा ढोल

मित्रांनो, मी एक जुना ढोल आहे. आयर्लंडमध्ये डब्लिनजवळच्या टॅला गावातल्या एका घरात राहतो, पण मूळचा जमैकाचा, कुमिना पंथाचा.

दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी काँगोकडच्या आफ्रिकन माणसांना मजुरीच्या करारावर जमैकाला नेलं. त्यांच्या भाषेतून, देवांतून, ठेक्यांतून कुमिना वाढला. ढोल ऐकला की मेलेली माणसं भेटायला येतात, अशी त्यांची श्रद्धा. लिंटन नावाच्या सुताराने मला कोरलं, बोकडाचं कातडं ठोकलं आणि पुढे बर्मिंगहॅमला नेलं. तिथे दर रविवारी लोक माझ्याभोवती गोल नाचायचे. मग कुणीतरी याला भुताटकी म्हणालं आणि नाच थांबला. लिंटन गेल्यावर त्याची मुलगी व्हेरोना नर्स म्हणून टॅलाला आली, तिने मला जिन्याखालच्या कपाटात ठेवलं. आठ वर्षांत ओलीने माझं कातडं फाटलं.

२०१७ साली जमैकात तिची आत्या वारली. जाणं जमलं नाही. तिने मला बाहेर काढलं आणि फाटकं कातडं बघत बसली. शेजारची कौमुदी सासऱ्यांना घेऊन भेटायला आली. मुरलीधरराव नागपूरचे, हौशी ढोलकीवाले.

"कातडं मागवा, मी चढवून देतो," ते म्हणाले. कौमुदीने ते इंग्रजीत सांगितलं.

पुढच्या रविवारी मी पुन्हा ताणला गेलो. मुरलीधररावांचे प्रश्न संपत नव्हते. लाकूड कुठलं? आडवा का ठेवायचा?

"यावर बसून वाजवतात," व्हेरोना म्हणाली. "टाच कातड्यावर दाबली की आवाज बदलतो. मी गाते, तुम्ही वाजवाल?"

मुरलीधरराव थबकले. "वाद्याला पाय? चुकून लागला तरी आम्ही नमस्कार करतो."

"आमची माणसं जमिनीतून येतात. पाय हीच त्यांची वाट, असं बाबा सांगायचे."

 मुरलीधररावांनी मोजे काढले, मला नमस्कार केला आणि माझ्यावर बसून टाच टेकवली.

ठेका चुकत होता. व्हेरोना टेबलावर बोटांनी दाखवत होती. हळूहळू जमलं आणि ती आत्यासाठी गायली.

"या ओळीचा अर्थ काय?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही. बाबांना विचारायचं राहून गेलं."

कौमुदीने जमैकाला फोन लावायला सांगितलं. तिथल्या म्हाताऱ्या चुलतभावाने ओळीतल्या चारपैकी तीन शब्दांचे अर्थ सांगितले. चौथ्याचा अर्थ सांगणारं आता कुणीच उरलं नव्हतं.

मित्रांनो, आम्हा वाद्यांना ओलीपासून जपा. पण त्याआधी घरातल्या जाणत्या माणसांना विचारून घ्या. कातडं नवीन मिळतं.