पाणी उतरलेला कोयता

हिरामणला जेवताना बघणं म्हणजे सुंदराला शिक्षाच होती. कालवण मनगटावरून कोपरापर्यंत ओघळायचं, ते तो जिभेनं वर चाटत जायचा, आणि तोच हात धोतराला पुसून म्हणायचा, "सुंदरे, तुझा कोयता दे गं जरा. माझा पार बोथट झालाय." थोरला दीर पडला! नवरा मागल्या भादव्यात तापानं गेला, तेव्हापासून ती त्याच्याच चुलीवरचं खात होती, नाही कुठल्या तोंडानं म्हणणार? कोयता जायचा आणि परत यायचा तो बघवत नसे. कधी पात्याला मासळीचे खवले, कधी शेण, एकदा तर ठेचलेल्या घुशीचं रक्त आणि त्याला चिकटलेले केस. शी! मग ती राख घेऊन पाणवठ्यावर जायची आणि घासत बसायची.

कोयता तिनं स्वतः पारखून घेतलेला होता. कडावच्या लोहाराकडे मुंबईहून आलेले चकचकीत कोयतेही होते, त्यांना लाल रंगाच्या मुठी. बाया त्यांच्याच भोवती घुटमळत होत्या. सुंदरानं एक उचलून नखानं टिचकी मारली, तर आवाज कसला, मडकं फुटकं असावं तसा. तिनं तो खाली ठेवला आणि लोहारानं मोटारीच्या जुन्या कमानीचं पोलाद ठोकून केलेले काळे कोयते बघायला घेतले. पातं सरळ आहे का, पोलाद मुठीत शेवटपर्यंत गेलंय का, हातात धरल्यावर वजन पुढं टोकाकडं ओढतंय का, सगळं बघितलं. टिचकीला खणखणीत वाजला तोच घेतला, आणि तो स्वस्तही होता. लढाईमुळं लोखंडावर कंट्रोल आलेला, दुसरा मिळायचा नव्हता हे तिला ठाऊक होतं. म्हणून रोज काम संपलं की पातं कोरडं पुसायचं, करंजाचं तेल लावायचं, मगच आढ्याला अडकवायचं. एवढं ती पोटच्या पोरासारखं करी, आणि हा बाबा त्यानं घुशी मारी.

चैतात बातमी आली की डोंगराकडच्या कुपात, म्हणजे तोडीला काढलेल्या जंगलाच्या पट्ट्यात, कोळशाची भट्टी लागणार. पेट्रोल नव्हतं, मोटारी कोळशाच्या धुरावर चालत होत्या, तेव्हा कोळशाला मरणाची मागणी होती. मुकादम झहीर तोडीला माणसं घेणार होता, बाया सुद्धा. अट एकच, कोयता ज्याचा त्यानं आणायचा आणि वाळल्या खैरावर चालवून दाखवायचा. सुंदराचा जीव हरखला. हे काम मिळालं की आपली वेगळी चूल! ओघळणारं कालवण बघत घास गिळायला नको, की दिराच्या गुरांचं शेण थापत मरायला नको.

हे हिरामणच्याही कानावर गेलं. तोडीची माणसं निवडायच्या आदल्या दिवशी दुपारी शेतावर राब भाजायचा होता. भाताची रोपं टाकायची जमीन तोडलेल्या फांद्या पसरून जाळतात ना, ते. सुंदरा पाण्याची घागर घेऊन पोचली तर बांधावर कापलेला कोवळा फणस, त्याच्यावर माश्या घोंघावताहेत, हिरामणचे हात चिकानं बरबटलेले, आणि तिचा कोयता राबाच्या निखाऱ्यात खुपसलेला!

"अवो भावजी, काय केलंत हे?"

"चीक जात नव्हता गं. जाळला की सुटतो." त्यानं काठीनं कोयता बाहेर ओढला आणि वर त्याच्यावर पचकन थुंकला. थुंकी चर्रकन वाजली. "बघ, कसा लख्ख झाला."

लख्ख कसला, निळाकाळा पडला होता. चीक तेल आणि राखेनं निघतो हे शेंबडं पोर सांगेल! निवल्यावर सुंदरानं तो उचलला. घरी येऊन कोयता दगडावर घासायला घेतला, तर धार इतकी पटकन लागली की तिला बरंच वाटलं. टिचकी मारून बघायचा मात्र धीर झाला नाही.

सकाळी हिरामण बरोबर निघाला. "बाईमानसानं एकटं कशाला जायचं? मी बी काम बघतो," म्हणाला. कमरेला त्याची आकडी होती, पाठीमागं कोयता अडकवतात ती, आणि वरून घोंगडं घेतलेलं. ऐन चैतात घोंगडं! घामाचा वास असा सुटला होता की ती चार पावलं मागून चालली.

कुपात माणसं जमली होती. झहीरनं खैराची वाळली फांदी ओंडक्यावर ठेवली. सुंदरानं कोयता उगारला आणि घातला. फांदीला नुसता चरा पडला, आणि पात्याची धार पानाच्या कडेसारखी दुमडली.

झहीरनं कोयता हातात घेऊन उलटासुलटा केला. "बाय, लोहारानं दिल्यालं पानी उतरलंय ह्याचं. पातं मऊ पडलं. कुनी आगीत घातला?"

ती दिराकडं वळली. तिच्या आधी तोच बोलला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "बायकांच्या हातात हत्यार दिलं की असंच हुतंय, मुकादम. चल गं घरी, शेन थापायचं पडलंय." आणि हसत हसत त्यानं घोंगडं खांद्यावरून काढून झटकलं.

तेव्हा तिला त्याच्या पाठचा कोयता दिसला. पुढं होऊन तिनं तो आकडीतून सर्रकन उपसला. दुसऱ्याच्या आकडीला कुणी हात लावत नाही, सगळे बघतच राहिले. पात्यावर एक डाग नव्हता. करंजाचं तेल मऊ फडक्यानं पुसलेलं, धार बारीक पांढऱ्या दोऱ्यासारखी, मुठीलाही मळ नाही. बोथट म्हणे! इतके दिवस ती त्याला घाणेरडा समजत होती. हा घाणेरडा नव्हताच मुळी. ह्याला सगळं कळत होतं, आणि घाण तेवढी दुसऱ्याच्या वस्तूवर करायची असायची. त्या घुशीच्या रक्तानं सुद्धा तिला अशी किळस आली नव्हती.

तिनं कोयता घातला. फांदीचे दोन तुकडे झाले.

"सुंदरे! माझा कोयता हाय त्यो!" हिरामण ओरडला.

झहीर त्याच्याकडं बघत म्हणाला, "तुजा आसंल तर घे, दादा. फकस्त हिचा कुनी जाळला, ते बी हितंच सांग. सगळी ऐकतायत."

हिरामणनं घोंगडं पुन्हा खांद्यावर ओढलं. मागं कुणीतरी फिसकन हसलं.

सुंदरानं झहीरच्या हातातून दुमडलेला कोयता घेतला आणि स्वतःच्या हातानं त्याच्या आकडीत अडकवला. "ह्यो घेऊन घरी जा, भावजी. आन् आज माझं ताट वाढू नका." तिनं तोंडातलं कडू पाणी बाजूला थुंकलं, पदर खोचला आणि त्याचा कोयता घेऊन तोडीला चाललेल्या बायांच्या मागोमाग निघाली.