पंधरा दिवसांची गोळी

तातेरावांच्या छातीचे ठोके बरोबर पडत नव्हते. मधेच एखादा चुकायचा, मग दोन एकदम पडायचे. जालन्याच्या डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढून रोज एक गोळी लिहून दिली. वीस दिवसांनी त्यांची मुलगी सत्यशीला पुण्याहून गावी आली, तर गोळ्यांची पाकिटं देवळीत जशीच्या तशी.

"आबा, एकही घेतली नाही?"

"ठोके चालू हायेत की."

"ते काय तुमची परवानगी घेऊन थांबतील?"

न घेण्याचं कारण सांगायची तातेरावांना लाज वाटत होती. आणि ते कारण तिनंच दिलं होतं.

सत्यशीला उंदरांच्या मेंदूवर संशोधन करायची. तिची आई द्वारकाबाई गावभर सांगायची, "आमची पोरगी उंदरांची डाक्टर हाये." पोळ्याच्या आधी द्वारकाबाई झोपेतच गेली. दिवाळीला सत्यशीला आली, तेव्हा घर गप्प राहू नये म्हणून तिनं बापाला आपलं काम समजावून सांगितलं होतं.

"पेशीत एक एन्झाइम असतं, आबा. बारा भाऊ गोल करून डुलक्या घेत बसलेत असं समजा. आत कॅल्शियम आलं की त्यांना जाग येते. मग ते एकमेकांना कोपर मारून जागं ठेवतात, कॅल्शियम निघून गेलं तरी. डोक्यात आठवण रुजते ती त्यांच्यामुळं. हृदयातही ते असतात. पण तिथं नको इतके जागे राहिले की ताल बिघडतो."

तातेरावांनी तेव्हा मान हलवली होती. पुढं डॉक्टर म्हणाले, या गोळीनं हृदय शांत राहील. तातेरावांनी दोन्ही गोष्टी जोडल्या. छातीतले बारा झोपले तर डोक्यातले बारा कशाला जागे राहतील? आणि डोक्यात तर द्वारका होती. दुसरीकडं ती कुठंच उरली नव्हती.

"म्हणून मंग न्हाई घेतली," ते शेवटी म्हणाले.

सत्यशीलेला हसू आलं, पण तिनं ते आवरलं. "माझी पदवी तुम्हालाच द्यायला पाहिजे. आबा, ही गोळी हृदयाच्या दारात उभी राहते. घाईघाईचे निरोप आत जाऊ देत नाही, म्हणून आतले भाऊ फार चेकाळत नाहीत. आईपर्यंत तिचा हात पोचत नाही."

"तू उंदरांवर बघितलं. उंदराला बायको गेल्याचं काय कळतंय?"

सत्यशीला म्हणाली, "मग तुमच्यावरच बघू. पंधरा दिवस गोळी घ्यायची. रोज संध्याकाळी सहाला मी पुण्याहून बजरंगलालकाकांच्या किराणा दुकानावर फोन करीन. आईची एक आठवण सांगायची, रोज नवी. कमी पडल्या तर गोळी बंद."

तातेराव अडचणीत आले. उभ्या जन्मात त्यांनी चारचौघांत बायकोचं नाव घेतलं नव्हतं. आणि बजरंगलालच्या दुकानात संध्याकाळी निम्मं गाव असायचं. पण त्यांनी कबूल केलं.

पहिल्या दिवशी फोन कानाला लावून, भिंतीकडं तोंड करून ते म्हणाले, "तुझी माय भाकर चांगली करायची."

"तातेराव, भाकर तर आमची प्रेमबाई पण करते," गल्ल्यावरून बजरंगलाल म्हणाले. "बायकोची गोष्ट सांगा, खानावळीची नको."

दुकानात हशा पिकला. तिकडं सत्यशीलाही हसली. "काका बरोबर बोलून राह्यले, आबा."

सहाव्या दिवशी तातेरावांचं तोंड भिंतीकडून दुकानाकडं वळलं. "जाफराबादहून आम्ही एसटीनं आल्तो. तिनं शेळीचं पिल्लू लुगड्यात गुंडाळून मांडीवर घेतल्तं. कंडक्टर म्हणला, लेकराचं तिकीट? ही म्हणली, अजून पाच वर्षाचं न्हाई. तेवढ्यात पिल्लू ओरडलं."

"मग तुम्ही काय केलं?" बजरंगलालनी विचारलं.

"मी तीन बाकडी पुढं जाऊन बसलो. म्हणलं, आपली वळखच न्हाई."

त्यानंतर सहा वाजता दुकानात बसायला जागा मिळेना.

पंधरा दिवस भरले. सोळाव्या संध्याकाळीही फोन आला, तेव्हा तातेराव पुन्हा भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

"आठवणी संपल्या का, आबा?"

"न्हाई. उलट वाढल्या. पर एक सापडंना. ती गेली त्याच्या आदल्या सांजेला काहीतरी सांगत होती. मी बातम्या ऐकत होतो. मी रेडिओ मोठा केला. काय सांगत होती, तेच आठवंना."

बजरंगलाल उगाच तराजू पुसायला लागले.

"ते गोळीनं गेलं नाही, आबा," सत्यशीला हळू म्हणाली. "ते आत गेलंच नव्हतं."

"ते कळलं मला. गोळीवर आळ न्हाई माझा."

सत्यशीला म्हणाली, "पण आबा, आई एक गोष्ट कितीदा सांगायची?"

तातेरावांनी विचार केला. "तीनदा. सकाळी, दुपारी, अन् सांजेला परत."

"मग सांजेची तिसरी होती. दोनदा तुम्ही ऐकलीच असेल."

तातेराव हसले की काय केलं, ते भिंतीलाच माहीत. मग त्यांनी खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं आणि बजरंगलालकडं पाणी मागितलं.

"सोळावी हाये," ते फोनमध्ये म्हणाले. "थांब जरा, गिळून बोलतो."