ठिणगीचं दार

आत्याची गाडी म्हणजे नुसती गाडी नव्हे, दोन दारांची, पोट जमिनीला टेकलेली, जुनीपुराणी पिवळीधमक मस्ती होती ती! मागच्या महिन्यात तिला एक खांब आडवा आला. (खरं तर आत्याच खांबाला आडवी गेली, पण हे तिच्या तोंडावर बोलायची कोणाची छाती नव्हती.) डावं दार पार चेपलं. तसलं दार आता बाजारात मिळेना, म्हणून गाडी आली भावाच्या गॅरेजात, म्हणजे ठिणगीच्या बाबांकडे.

ठिणगी दहावीत. शाळेला सुट्टी, अंगात वारं.

"दार मी करणार," तिने जाहीर केलं.

बाबा हसले. गॅरेजातले मिस्त्री तर विडी विझेपर्यंत हसले.

"हसा, हसा! दात दिसले, आता काम बघा."

शेवटी बाबांनी अट घातली. "पत्रा सरळ केलास, तर रंग फवारायची गन तुझ्या हातात. नाही जमलं तर दार मिस्त्रींकडे आणि तू अभ्यासाकडे. मग कुरकुर नको."

"कबूल!"

दार काढून टेबलावर निजवलं. आतून लोखंडी ठोकळा लावायचा आणि बाहेरून हातोडीने हलके ठोके द्यायचे. "पत्र्याला गोंजार, बदडू नकोस," मिस्त्री बजावत होते. पण ऐकते ती ठिणगी कसली! ठोक, ठोक, ठोक! खड्डा वर आला, आणखी आला, मग नको तेवढा आला. अंगठ्याने दाबलं की पत्रा टक् करून आत, सोडला की टुक् करून बाहेर.

"झालं!" मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. "मार खाऊन पत्रा वाढला. हे दार नाही राहिलं, डब्याचं झाकण झालं."

"मिस्त्री, तुम्हीच घ्या ते," बाबा म्हणाले. "वरून लांबी थापू, घासू, रंग मारू. ताईला रविवारी गाडी द्यायचीय." आणि त्यांनी लांबीचा, म्हणजे खड्डे बुजवायच्या लगद्याचा, डबा उघडलासुद्धा.

ठिणगी दारासमोर हात पसरून उभी राहिली. "हात लावायचा नाही!"

"अगं, अट ठरली होती."

"नाही जमलं तर! मला अजून जमायचंय. या दोन्हींत फरक आहे."

"वकील हो तू."

"आधी दार, मग वकिली. आणि खाली पत्रा नाचत असताना वर लांबी थापली, तर रस्त्यातल्या पहिल्याच खड्ड्यात ती तडकेल. मग आत्या खांब सोडून तुम्हाला धडकेल!"

"धडकेनच," स्टुलावर चहा पीत बसलेली आत्या शांतपणे म्हणाली.

मिस्त्रींनी डोकं खाजवलं. "वाढलेला पत्रा आकसवायचा तर आच द्यावी लागते."

"द्या मग! बाबा, तुम्ही बादली घेऊन शेजारी उभे राहा. पण हात माझा."

चष्मा, हातमोजे, ज्योत. नाण्याएवढा ठिपका लाल झाला की वर एक ठोका, लगेच ओलं फडकं. चुर्र! पत्रा दचकून आखडला. मग दुसरा ठिपका, तिसरा. घाम डोळ्यांत, पण हात हलला नाही. दिवस कलता कलता तिने अंगठा दाबला. पत्रा गप्प!

मिस्त्रींनी डोळे मिटून दारावरून तळहात फिरवला.

"हं," ते म्हणाले. त्या गॅरेजात 'हं' म्हणजे सुवर्णपदक.

मग वरवरची पातळ लांबी, घासकाम, अस्तर, आणि शनिवारी खरा रंग. तोंडावर मास्क, हातात गन! पिवळ्याचे पट्टे सरसर उमटत गेले. हँडलपाशी मात्र ती स्वतःच्याच कामावर भाळून क्षणभर थबकली. तेवढ्यात रंग साचला आणि अश्रूसारखा खाली ओघळला.

"दे इकडे," बाबांनी हात पुढे केला. "सावरतो मी. उद्या गाडी द्यायचीय."

"नाही देणार."

"ठिणगे!"

"चुकलं, मान्य. पत्रा सरळ केला, गन माझी ठरली होती. वाळू दे, घासेन, पुन्हा मारेन. पुन्हा ओघळला तर पुन्हा घासेन! आत्या एक दिवस चालत गेली तर झिजणार नाही."

"झिजले तर बरंच," गॅरेजच्या दाराबाहेरून आत्याचा आवाज आला.

बाबा ओघळाकडे बघत राहिले, मग लेकीकडे. तिने गन छातीशी धरली होती आणि नजर काही केल्या खाली जात नव्हती. ते वळले, फळीवरून बारीक पॉलिशपेपर काढला आणि पाण्यात भिजत घातला.

"रात्रभर भिजू दे," ते म्हणाले. "कडक कागद ओरखडे काढतो."