रुमालाखाली विकलेला संघ

मांजरा वादळ हा आमचा बास्केटबॉलचा संघ विकला गेल्याची बातमी केजमध्ये सकाळी नऊ वाजता आली आणि नऊ वाजून पाच मिनिटांनी रामहरीच्या हॉटेलातला चहा उतू गेला. रामहरी चाळीस वर्षं चहा करतोय. त्याच्या भट्टीसमोर एकदा जीप उलटली, दोनदा सरकार पडलं, पण चहा कधी उतू गेला नव्हता. त्या दिवशी तो हातात मोबाइल धरून उभा राहिला आणि पातेल्याकडं कुणीच बघितलं नाही.

बातमी चार ओळींची होती. संघ पनवेलच्या राधाकिशन सेठांनी घेतला. उरलेले सामने पनवेलला होतील. नाव बदलण्याचा विचार चालू आहे. चौथ्या ओळीत केजच्या प्रेक्षकांचे आभार मानले होते. खरा धक्का बसला तो या चौथ्या ओळीनं. आभार मानले की कार्यक्रम संपतो, एवढं केजला सभांमुळं माहीत आहे.

संघ तीन वर्षांपूर्वी आला होता. राज्यात नवी व्यावसायिक लीग निघाली, तिला एक संघ ग्रामीण भागातला हवा होता, आणि राजेश्वर आप्पांकडं बंद पडलेल्या जिनिंगचं रिकामं शेड होतं. आप्पांनी फरशीवर लाकूड ठोकलं, दोन्ही टोकांना कड्या लावल्या आणि मालक झाले. पहिल्या सामन्याला निम्म्या गावाचं मत पडलं की जाळी फाटकी आली आहे, चेंडू खालून निघून जातोय. रामकिसन तात्या तर दुसऱ्या दिवशी सुतळी आणि दाभण घेऊन शिडीवर चढले होते. पंचांनी त्यांना हात जोडून खाली उतरवलं. तिसऱ्या वर्षी तेच तात्या समर्थक मंडळाचे अध्यक्ष होते आणि पंच चुकला तर जागेवरून नियमाचा क्रमांक सांगत.

संघ घरी हरत नसे. याचं कारण शास्त्रीय होतं. लोकांनी पाय आपटले की शेडच्या पत्र्यात अडकलेला जुना कापूस खाली येई आणि पाहुण्या संघाला शिंका सुटत. आमच्या खेळाडूंना सवय झाली होती. बाहेर मात्र चौदा सामने झाले आणि चौदाही गेले. पण ते बाहेर झाले, म्हणून केजनं मनावर घेतले नाहीत.

तात्यांचा धंदा बैलांच्या दलालीचा. नेकनूरच्या बाजारात त्यांचा शब्द चाले. बैल निघायला हवा तेव्हा तात्या जीभ टाळूला लावून 'च्यक् च्यक्' करीत, आणि संघाच्या बसवेश्वरनं फ्री थ्रो घ्यायचा असला की तेच करीत. बसवेश्वर लिंबागणेशचा, साडेसहा फुटांचा. तो रेषेवर उभा राहिला की अख्खं शेड गप्प होई, तात्यांचं च्यक् च्यक् ऐकू येई आणि चेंडू कडीतून जाई. खुद्द प्रशिक्षकांनी हे मान्य करून टाकलं होतं.

तर त्या सकाळी तात्या हॉटेलात बाकावर उभे राहिले. ते कधी आवाज चढवत नाहीत, तेव्हाही चढवला नाही. म्हणाले, "आप्पानं विकलं, ते मालक हायेत. पण मधी कुणीतरी दलाल असणार. ज्यानं हा सौदा जुळवला, त्याच्या हातचं पाणी मी जन्मात पिणार न्हाई."

शे-दीडशे माणसं तसंच म्हणाली आणि सगळे आप्पांच्या घरी निघाले.

आप्पा ओसरीवर पान लावत होते. त्यांनी सर्वांना बसा म्हटलं, सतरंजी कमी पडली म्हणून दुसरी मागवली. मग सांगितलं की लीगनं शेडमध्ये एसी बसवायला सांगितलंय, ते आपल्याच्यानं होत नाही. तात्यांनी विचारलं, दलाल कोण. आप्पांनी पानाला चुना लावला, सुपारी ठेवली, घडी घातली.

"कशापायी विचारतो, तात्या? तूच की."

आप्पांनी पान तोंडात टाकलं आणि ते चावल्याचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत गेला.

मग उलगडा झाला. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दलाल रुमाल टाकतो, त्याखाली आधी घेणाऱ्याचा हात धरतो, मग विकणाऱ्याचा, आणि बोटं दाबून आकडा ठरतो. आकडा शेकड्यात, हजारात की लाखात, ते बोटं सांगत नाहीत. समोरचं जनावर बघून ज्याचं त्यानं समजायचं असतं. गेल्या आठवड्यात आप्पा नेकनूरला आले होते. सोबत लाल कंधारी बैलांची जोडी होती आणि पांढरे बूट घातलेले एक पाहुणे. पाहुण्यांनी ना बैलांचे दात बघितले, ना खूर. तात्यांना वाटलं, मोठा माणूस असेल, नजरेनंच पारख करतो. त्यांनी रुमाल टाकला. पाहुण्यांनी सात बोटं दिली. तात्यांनी हात झटकला, बैलांकडं बघून उसासा सोडला, पुन्हा धरला आणि नऊवर आणून सोडला. नऊ लाख म्हणजे जोडीला भाव चांगलाच चढला, म्हणून तात्या त्या दिवशी खूश होते.

पाहुणे राधाकिशन सेठ होते, ते नऊ कोटी होते, आणि माल बैल नव्हता.

"आकडा जुळंना आमचा," आप्पा म्हणाले. "वकील बसवले, हिशेबनीस बसवले. मग म्हटलं तात्याच्या हाताला यश हाय. तात्यानं जुळवलेला सौदा आजवर कुणी मोडला न्हाई."

हे खरं होतं, आणि तोच फास होता. तात्यांनी हा सौदा मोडला, तर उद्या नेकनूरला त्यांच्या रुमालाखाली कुणी हात घालणार नव्हतं. नाही मोडला, तर संघ गेला. दुसरं कुणी असतं तर आप्पांना शिव्या देऊन मोकळं झालं असतं. तात्या उठले, पायात वहाणा न घालता घरापर्यंत चालत गेले, आणि त्यांना ते घरी गेल्यावर कळलं.

घरी आणखी एक अडचण उभी राहिली. दुपारी त्यांनी तांब्या उचलला आणि तोंडापाशी नेऊन थांबले. सौदा जुळवणाऱ्याच्या हातचं पाणी प्यायचं नाही, अशी शपथ शंभर माणसांसमोर झाली होती, आणि तो हात हाच होता. तात्यांनी तांब्या खाली ठेवला. तेव्हापासून विमलबाई त्यांच्या तोंडात वरून पाणी ओतू लागल्या. दिवसातून आठ-दहा वेळा तरी हे करावं लागे. शपथ घ्यायच्या आधी बायकोला विचारायची रीत पाडा, असं त्या ओततानाच सुनवत, म्हणजे तात्यांना उत्तर देता येत नसे.

तिसऱ्या दिवशी पाणी ओतता ओतता विमलबाईंनीच विचारलं, बाजारात जनावर परत येत नाही का. तात्यांना ठसका लागला. बोली! सौदा झाल्यावर त्यांनी सवयीप्रमाणं मोठ्यानं म्हटलं होतं, घरी नेल्यापासून आठ दिवस जुंपून बघा, खोड निघाली तर जनावर परत, इसार परत. पाहुण्यांनी ती अट वकिलाला सांगून करारात घातली होती. आणि संघाला खोड होती, चौदा सामन्यांची होती.

तात्यांनी राधाकिशन सेठांना फोन लावला. खोड लपवणं दलालाला शोभत नाही, म्हणून सगळं सरळ सांगितलं, की हा संघ केजबाहेर जिंकत नाही. सेठ सज्जन निघाले. म्हणाले, त्या आठातल्या सहाव्या दिवशी कोल्हापूरशी सामना आहे, तुम्हीही या. हरला तर तुमचा संघ तुम्हाला परत. जिंकला तर मात्र सौदा पक्का.

केजमध्ये मग असं काही झालं जे जगात कुठल्या समर्थक मंडळानं केलं नसेल. रामहरीच्या हॉटेलात ठराव झाला की आपला संघ हरावा. सगळ्यांनी हात वर केले. लिंबागणेशला बसवेश्वरची आई महादेवी तिथल्या गणपतीपुढं बराच वेळ उभी होती. पोराचे गुण भरपूर व्हावेत पण संघ पडावा, हे देवाला नीट कसं सांगावं ते तिला सुचेना.

निघताना विमलबाईंनी तात्यांना बजावलं. "तुमी जाऊ नका. तिथं तुमचं तोंड गप राहणार न्हाई."

"तोंडात रुमाल कोंबतो," तात्या म्हणाले. विनोद नव्हता तो. त्यांनी सौद्याचाच रुमाल खिशात घातला.

पनवेलचं सभागृह बघून तात्या बावरले. खुर्च्यांना गाद्या होत्या. छताकडं बघितलं तर कापूस नव्हता. प्रेक्षकांना टाळ्या वाजवायला प्लास्टिकचे हात वाटले होते, स्वतःचे असताना. थंडी अशी की शेजारच्या बाईनं शाल आणली होती. सेठांनी तात्यांना पाण्याची बाटली दिली. तात्यांनी ती त्या बाईंना दिली आणि जरा वरून ओता म्हणून विनंती केली. बाईंनी ओतलं, मग दोन खुर्च्या सोडून बसल्या.

मध्यंतराला आपला संघ अठरा गुणांनी मागं होता. तात्यांना आनंद झाला, आणि आपला संघ हरतोय म्हणून झाला. असला आनंद त्यांनी आजवर कुणाच्या घरी बघितला नव्हता. तोंडात रुमाल होताच.

उत्तरार्धात विपरीत घडलं. एसीमुळं आमच्या पोरांच्या हाताचा घाम एव्हाना सुकला आणि आयुष्यात पहिल्यांदा चेंडू निसटेना. अठराचे दहा झाले, दहाचे चार. तात्या रुमाल आणखी आत ढकलत राहिले. शेवटचे दोन सेकंद उरले तेव्हा आपण एका गुणानं मागं होतो आणि बसवेश्वरला दोन फ्री थ्रो मिळाले.

बसवेश्वर रेषेवर उभा राहिला. पंचांनी चेंडू दिला. प्लास्टिकचे हात खडखडत होते. त्यानं चेंडू छातीशी धरला आणि तो थांबला. तो काय ऐकायला थांबलाय हे त्या दोन हजार माणसांत एकाच माणसाला माहीत होतं. पाच सेकंदांत चेंडू टाकायचा असतो, हेही तात्यांना क्रमांकासकट पाठ होतं. त्यांनी मान खाली घातली. एक. दोन. मान वर केली, तर पोरगं खुर्च्यांच्या रांगा शोधत होतं, आणि त्याची नजर तात्यांवर येऊन टेकली. तीन.

चारला रुमाल तात्यांच्या हातात होता.

च्यक् च्यक्.

चेंडू गेला. दुसऱ्यांदा रुमाल कोंबायलाही वेळ मिळाला नाही. च्यक् च्यक्. तोही गेला.

नंतर गलका झाला, खेळाडू एकमेकांवर पडले, सेठ धावत आले आणि तात्यांना मिठी मारून म्हणाले, "तात्या, खोड नाही हो याला. सौदा पक्का." तात्यांनी मान डोलावली. तोंड उघडंच राहिलं होतं. आपण काय केलं हे त्यांना कळत होतं, पण कुणी केलं हे कळत नव्हतं. बसवेश्वर पाया पडायला वाकला तेव्हा एवढंच म्हणाले, की घरी फोन कर, आई वाट बघत असेल.

दुसऱ्या दिवशी एसटीतून केजला उतरले तर रामहरीचं हॉटेल बंद. सकाळी हॉटेल बंद बघून स्टँडवरच्या जीपवाल्यांनाही कसंतरीच होत होतं. तात्या सरळ जिनिंगच्या शेडकडं गेले. शिडी तिथंच होती. वर चढून त्यांनी कडीची जाळी एकेक गाठ सोडून काढली. बैल विकला तरी गळ्यातलं दावं देत नाहीत, विकणाऱ्याच्या घरी ठेवतात. घेणाऱ्यानं आपलं आणायचं. पनवेलवाल्यांकडं जाळ्या चांगल्या होत्या, त्यांचं अडणार नव्हतं.

घरी गोठ्यातल्या खुंटीवर आजवर घरून विकलेल्या बैलांची दावी टांगलेली होती. त्यांच्यावर तात्यांनी जाळी अडकवली. विमलबाई दारात उभ्या होत्या.

"मीच घालवला," तात्या म्हणाले. "रुमाल काढला तोंडातला."

"दिसलं मोबाइलवर."

"लई आवरलं. पण पोरगं बघत होतं गं."

विमलबाईंनी जाळीला अडकलेला कापूस झटकला. मग म्हणाल्या, "मी बी केलतं."

"काय केलतं?"

"च्यक् च्यक्. हितून. रामहरीनं केलं, छबुबाईनं केलं, मोबाइल म्होरं धरून सगळ्या गल्लीनं केलं. ठराव केलेल्यांनीच केलं. त्यो रामहरी कालपास्नं तोंड दावंना कुणाला."

तात्या गोठ्याच्या उंबऱ्यावर बसले. मग विमलबाई आत गेल्या, तांब्या भरून आणला आणि वरून न ओतता त्यांच्या हातात दिला.

"घ्या," त्या म्हणाल्या. "आता सगळ्यांचेच हात तसले झालेत."