गार्गीच्या फोटोखाली

मी मालिका बघते ती भांडायला. मराठी मालिकांतल्या सासवांशी पंधरा वर्षं भांडून झालं, मग त्यांचा कंटाळा आला आणि गेल्या उन्हाळ्यात मी कोरियन मालिकांना हात घातला. हिंदीत डब केलेल्या असतात, समजायला काही अडचण नाही. माणसं जेवताना भुरके मारतात, मोठ्यांसमोर वाकतात, मुलीच्या लग्नाची काळजी करतात. दोन भागांत ती मला आमच्या नंदनवन वस्तीतलीच वाटायला लागली. आमचे हे, मधुकरराव, सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यापासून पेपर पाठ करण्याचं काम करतात. ते मला म्हणायचे, आता वरणभातही काड्यांनी खात जा.

ज्या मालिकेनं घात केला ती बंदुकांची होती. तिच्यात एका कोळ्यांच्या गावात जाळ्यात पिस्तुलांची पेटी सापडते. गावकरी पोलिसांना कळवत नाहीत, घरटी एक वाटून घेतात. मग प्रत्येक भागात एकेक पिस्तूल सुटतं. सहाव्या भागात मासे सुकवणारी एक म्हातारी आहे. तिची मुलगी नवऱ्याचा मार खाऊन माहेरी आलेली. जावई तिला ओढून न्यायला येतो, अंगणात वाळत घातलेले मासे तुडवतो, आणि म्हातारी शांतपणे लोणच्याच्या मडक्यात हात घालून पिस्तूल बाहेर काढते.

ते दृश्य मी सात वेळा पाहिलं. का, ते सांगते. माझी गार्गी त्याच्या चार महिने आधी घरी आली होती. सोबत तिची सात वर्षांची लेक नूपुर आणि उजव्या हाताची दोन बोटं पट्टीत. आमच्या जावयानं, बुटीबोरीच्या कारखान्यात चांगल्या हुद्द्यावर असलेल्या उन्मेषनं, ती बोटं दाराच्या फटीत धरून दार लोटलं होतं. हे पहिल्यांदा झालेलं नव्हतं. मी म्हटलं पोलिसांत जाऊ. हे म्हणाले, घरातली गोष्ट घरात राहू दे, पोरीच्या संसाराचा प्रश्न आहे. आणि टीव्हीतल्या सासवांना न सोडणारी मी गप्प बसले. डॉक्टरांनाही सांगितलं की बोटं दारात सापडली. महिन्याभरात उन्मेषनंच कोर्टात अर्ज टाकला, नूपुरचा ताबा मला द्या म्हणून.

तर त्या म्हातारीच्या दृश्याची छोटी क्लिप फोनवर फिरत होती आणि तिच्याखाली बघणाऱ्यांच्या प्रतिक्रिया. मला खरी गोडी त्यांचीच. कुठकुठल्या देशांतली माणसं, कुठकुठल्या भाषा, बटण दाबलं की हिंदीत होऊन समोर येतात. कुणी लिहिलं होतं, या आजीच्या हातांचा मुका घ्यावासा वाटतो. एका बाईनं लिहिलं, माझ्या आईनं असं केलं असतं तर आज मला दोन्ही डोळ्यांनी दिसलं असतं. एकाला सगळं दुःख त्या वाया गेलेल्या माशांचं. आणि एक शहाणा, आपलाच मराठी माणूस, लिहून गेला होता की असल्या मालिका बंदुकीचं कौतुक करतात, म्हातारीनं कायद्याकडे जायला हवं होतं, सुसंस्कृत समाजात सगळ्यावर मार्ग असतो.

माझं डोकं फिरलं. दुपारची वेळ, मी मेथी निवडत बसले होते, नूपुर शेजारी पानं खुडता खुडता ती क्लिप बघत होती. हात मातीचे, म्हणून करंगळीनं माइकचं चित्र दाबलं आणि फोनला तोंडीच सांगितलं. आपण बोलायचं आणि तो लिहितो, ही सोय गार्गीनंच मला शिकवली होती. मी म्हटलं, "मार खाल्लेल्या बाईचं घर पाहा, मंग कायदा शिकवा. माह्या हाती अशी बंदूक राहिली असती त उन्मेष आतापावतर जिता नसता राहिला." पाठवून दिलं. जीव हलका झाला. भाजीही त्या दिवशी छान झाली होती.

आता माझी चूक ऐका. तो फोन गार्गीचा जुना. नोकरी धरल्यावर तिनं नवा घेतला आणि हा मला दिला, तिचं सिम काढून माझं घालून. सिम माझं म्हणजे फोन माझा, एवढीच माझी अक्कल. आतलं खातं तिचंच राहिलं होतं, नाव तिचं आणि निळ्या साडीतला फोटोही तिचा. जगाशी मी महिनोन्महिने माझ्या मुलीच्या तोंडानं भांडत होते आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

कळलं ते वकिलांकडे, एका मंगळवारी. धम्मानंद वकील गार्गीच्या शाळेतले, लहानपणी आमच्याकडे पोहे खाऊन गेलेले. त्यांनी समोर एक कागद ठेवला. उन्मेषच्या वकिलानं कोर्टात दिलेला. वर निळ्या साडीतली गार्गी, तिच्याखाली माझं वाक्य, त्याखाली चारशे बारा लाइक. बाईच्या हातात मूल सुरक्षित नाही, असं त्यांचं म्हणणं. सुनावणी शुक्रवारी होती. धम्मानंदनी हळूच विचारलं, हे कधी लिहिलं. गार्गीनं दोनदा वाचलं आणि म्हणाली की हे मी लिहिलेलं नाही.

उन्मेषचं मारणं कुठेही लिहिलेलं नव्हतं, आणि माझं बोलणं मात्र छापून आलं होतं. पाणी पिऊन येते म्हणून मी बाहेर व्हरांड्यात गेले, फोन उघडला आणि ती कमेंट पुसून टाकली. वाटलं, मुळावरच घाव घातला. मग आत येऊन सगळं सांगून टाकलं, पुसलं तेसुद्धा. धम्मानंदनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मावशी, हे नव्हतं करायले पाह्यजे," ते म्हणाले. "आता ते म्हणतीन, कागद हाती आल्याबरोबर गार्गीनं पुरावा मिटवला."

मी म्हटलं, मी जजसाहेबांसमोर उभी राहते, शपथेवर सांगते. ते म्हणाले, सांगा, पण खातं तिचं, फोटो तिचा, फोनची पावती तिच्या नावाची. मुलीला वाचवायला आई खोटं बोलते, असंच कोणीही धरणार. फोनची तपासणी मागता येईल, तिला महिने लागतात आणि तोवर पोरगी बापाकडे जाईल. आणि समजा विश्वास ठेवलाच, तरी पोरगी राहते तुमच्याच घरात. दोन्हीकडून तुम्ही सापडता. मी म्हटलं, मी सापडले तर चालेल. आम्ही ऑटोनं निघालो. मेडिकल चौक ओलांडल्यावर गार्गी एवढंच म्हणाली, "आई, तुले कोणी विचारलं होतं?"

मला कुणीही विचारलं नव्हतं.

मधले दोन दिवस मी वेड्यासारखे काढले. शेजारच्या कामिनीकडे गेले. ती मला रोज त्या फोनला डोकं लावून बसलेली बघते, तेवढं कोर्टात सांग म्हटलं. ती म्हणाली, काकू, जीव दे म्हणा, देते, कोर्टाची पायरी नको. मग मी त्या क्लिपखालच्या शहाण्याला शोधलं. त्याला लिहिलं की दादा, तुमच्याशी भांडली ती मी, वय वर्षं त्रेसष्ट, माझी मुलगी नव्हे, तेवढं लिहून द्या, तुमचे उपकार होतील. अर्ध्या तासात त्याचं उत्तर आलं. ताई, तुम्ही मानसिक तणावात दिसता, कृपया कुणाशी तरी बोला. अर्थात, त्याच्यासमोरही निळ्या साडीतला फोटोच होता. मी त्या क्लिपखालच्या हजारभर प्रतिक्रिया पुन्हा वाचून काढल्या, कुठे माझ्या बोलण्याची खूण सापडते का म्हणून. लोक अजून म्हातारीला शाबासकी देत होते. पहिल्यांदाच मला ती सगळी माणसं परकी वाटली. आपण टाळ्या वाजवायच्या आणि दुसऱ्याच्या घरात आग लागायची.

नूपुरही त्या दिवसांत माझ्याजवळ झोपत नव्हती. माझ्या हातचा घासही घेईना, एकटी स्वयंपाकघरात जाईना, आईच हवी म्हणायची. कोर्टाचं बोलणं पोरीच्या कानावर जातं, त्याची धास्ती घेतली असेल, असं मी धरून चालले. ह्यांनी गुरुवारी पेपर न उघडताच बाजूला ठेवला आणि म्हणाले की तेव्हाच पोलिसांत गेलो असतो तर. मी त्यांना इतकं बोलले की ते गच्चीवर जाऊन बसले. जे बोलले ते खरं तर माझं मलाच होतं.

शुक्रवारी उन्मेष पांढरा शर्ट घालून आला होता. मला वाकून नमस्कार केला, आई म्हणाला. जज एक बाई होत्या, वयानं गार्गीपेक्षा थोड्याच मोठ्या. धम्मानंदनी मला पुढे केलं. तिथे नीट मराठी बोलायचं ठरवून गेले होते, पण ऐन वेळी घरचीच भाषा तोंडात आली.

"मॅडम, फोन माह्या हातात होता," मी म्हटलं. "शब्द माहे आहेत. पोरीले यातलं काहीच ठाऊक नाही."

समोरचा वकील उठला आणि अगदी सौम्यपणे म्हणाला की आईच्या भावना आम्ही समजतो, कोणतीही आई हेच म्हणेल. पुसलं कुणी, हेही त्यानं विचारलं. मी म्हटलं, मीच. तो फक्त जजबाईंकडे बघून हसला. जजबाईंनी विचारलं की तुमच्या म्हणण्याला काही आधार आहे का. मी मालिकेचे आठही भाग सांगायला निघाले होते, कोण केव्हा काय बोलतं ते पाठ होतं मला. त्यांनी हात वर केला. आयुष्यभर मला खोटं बोलून सुटता आलं होतं, डॉक्टरांपासून शेजाऱ्यांपर्यंत, आणि आज खरं बोलत होते तर कुणी घ्यायला तयार नव्हतं.

मग त्यांनी नूपुरला एकटीला आपल्या खोलीत बोलावलं. कुणाकडे राहायचं ते मुलीला विचारतात, तशी रीत आहे. वीस मिनिटं गेली. मी बाहेर बाकावर बसून एकच मागणं मागत होते, पोरीनं आई म्हणावं. नूपुर आली तेव्हा तिच्या हातात चॉकलेट होतं. ती गार्गीला जाऊन बिलगली.

जजबाई पुन्हा खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी सांगितलं, मुलीनं न विचारता एक गोष्ट सांगितली. आजी मेथी निवडत होती आणि फोनला म्हणाली की माझ्याकडे बंदूक असती तर बाबा जिवंत नसता. मुलीला शब्दन् शब्द आठवतो. मजकूर मुलीच्या आईनं लिहिलेला नाही, याची खात्री पटते, आणि तूर्त ताबा आईकडेच राहील. बाप दर रविवारी कोर्टाच्या देखरेखीत भेटू शकेल.

मी दोन्ही हात जोडले. गार्गी रडत होती. जजबाईंनी कागद उलटला आणि पुढचं वाचलं. मुलगी आजीला भिते. तिला रात्री झोप येत नाही. पुढचा आदेश होईपर्यंत आजीनं मुलीबरोबर एका घरात राहू नये. धम्मानंद काही बोलायला उठले, मी त्यांच्या कोटाला धरून खाली बसवलं.

पोरीचं ते न जेवणं, न झोपणं माझ्यामुळे होतं, कोर्टामुळे नव्हतं. बोटं मोडणाऱ्या बापाला तिनं बंदूक मागताना ऐकलं नव्हतं. ऐकलं होतं ते मला, तिच्याबरोबर भाजी निवडणाऱ्या आजीला. ही गोष्ट मी कुणाशी भांडून मिटवू?

गार्गी म्हणाली, आम्ही दोघी भाड्यानं खोली घेतो. मी नाही म्हटलं. तिची नोकरी इथे, नूपुरची शाळा गल्लीच्या टोकाला, मागे बघायला आजोबा आहेत. माझा भाऊ नरखेडजवळच्या गावात असतो, संत्र्याची बाग आहे, एक खोली रिकामी आहे. दोन दिवसांनी सकाळच्या एसटीनं निघायचं ठरलं. फोन मी गार्गीला परत दिला. तिनं नको म्हटलं, तरी दिला.

निघताना ह्यांनी बॅग ऑटोत ठेवली. नूपुर गार्गीच्या ओढणीमागे उभी होती, एक डोळा तेवढा दिसत होता. मी जवळ गेले नाही. फाटकापाशीच थांबून म्हटलं, येते गं, अभ्यास कर. मी वळले तेव्हा मागून तिचा आवाज आला.

"आजी, ती पण नेशील ना?"

"काय बाळा?"

"बंदूक."

गार्गीनं तिला गप्प करायला खांद्यावर हात ठेवला. दोन दिवस ती पोरीला समजावत होती की घरात बंदूक नाही, कधीच नव्हती. सकाळी नूपुरला मी आईला धरून तांदळाच्या डब्यात हात घालताना पाहिलं होतं आणि तेव्हा मला कळलं नव्हतं ती काय शोधते आहे. आता मी नाही म्हटलं असतं, तर ती शोधतच राहिली असती.

"हो," मी म्हटलं. "घेतली." आणि ऑटोतल्या बॅगेवर हात ठेवून दाखवला.

तिनं बॅगेकडे नीट पाहिलं. मग ओढणीमागून बाहेर आली आणि आईला विचारलं, "आता मी एकटी स्वयंपाकघरात जाऊ?"